तोटीखालचा ओघळ

आमच्या घरच्या काचेच्या कपाटात एक टी सेट आहे. आईच्या लग्नात, १९७४ साली, तिच्या मोठ्या मामांनी आहेर म्हणून दिलेला. पांढराशुभ्र, काठाला सोनेरी रेघ, पोटावर फिकट गुलाबी फुलं. एक किटली, दुधाचं भांडं, साखरेचं भांडं आणि सहा कपबश्या. त्यातला एक कप मी चौथीत असताना फोडला, म्हणून आता पाच. दर दिवाळीच्या आधी आई सगळा सेट बाहेर काढते, कोमट पाण्यात धुते, जुन्या धोतराच्या फडक्याने पुसते आणि होता तसा परत लावते. त्यातून कोणाला चहा दिलेला मी जन्मात पाहिला नव्हता.

गेल्या हिवाळ्यात बँकेतल्या एका मैत्रिणीने मला ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका घराबद्दल सांगितलं. व्यापारी जहाजांवर चीफ इंजिनिअर म्हणून तीस वर्षं काढलेले एक काका. बंदराबंदरांतून त्यांनी चहाच्या किटल्या जमवल्या आणि घरातली एक अख्खी खोली त्यांना देऊन टाकली. रविवारी दुपारी चार वाजता चार माणसांना तिथे चहा मिळतो. पाचव्याला पुढच्या रविवारी बोलावतात. मी फोन केला. काकांनी तारीख दिली आणि तीन सूचना केल्या : सेंट किंवा अत्तर लावून येऊ नका, येण्याआधी अर्धा तास पान, बडीशेप, पेपरमिंट काही खाऊ नका, आणि साडेपाचला कुठे पोचायचं ठरवून येऊ नका.

घंटाळीच्या देवळामागच्या गल्लीत तीन मजली जुनी इमारत आहे, लिफ्ट नसलेली. जिन्याच्या लाकडी कठड्याला हात लागून लागून गुळगुळीत चकाकी आलेली. त्या भागात राहणाऱ्यांना सांगायला नको की अशा इमारती आता किती उरल्यात. हीदेखील पाडून नवी बांधायची ठरली आहे. काकू म्हणाल्या, "माणसांचं काय, भाड्याच्या घरात दोन-तीन वर्षं काढू. यांचं सामान बांधायचं कसं, याच काळजीने मला झोप येत नाही."

खोली पूर्वेची. उंच खिडकी, बाहेर बदामाचं झाड, खाली लाल-पिवळ्या ठिपक्यांची लादी. तिन्ही भिंतींना सागवानी फळ्या आणि फळ्यांवर किटल्या. मी मोजल्या नाहीत, पण काकांच्या म्हणण्याप्रमाणे ऐंशीच्या आसपास. काचा नाहीत, कुलूप नाही. मधे सतरंजी, बुटका चौरंग, चौरंगावर पितळी परात. मी पहिल्यांदाच आले होते, माझ्याबरोबर एक तरुण जोडपं आणि विटाव्याहून आलेले एक निवृत्त शिक्षक होते. काकांनी आम्हाला बसवलं आणि म्हणाले, "आज चहा तुम्ही करायचा. मी फक्त बघणार."

पहिलं काम होतं पाणी ऐकायचं. स्टीलची साधी किटली गॅसवर ठेवली आणि काका म्हणाले, डोळे मिटा. आधी काहीच नाही. मग बारीक सूं सूं. तो आवाज वाढत वाढत चांगला घोंघावायला लागला आणि मला वाटलं, झालं, उकळलं. काकांनी मान हलवली. थोड्या वेळाने तो आवाज चक्क खाली बसला, मऊ झाला, आणि झाकण थडथडायला लागलं. "आत्ता आधण आलं," काका म्हणाले. तळाशी होणारे बुडबुडे वरच्या जरा थंड पाण्यात शिरले की फुटतात, तोच तो घोंघाट. सगळं पाणी सारखं तापलं की बुडबुडे न फुटता वरपर्यंत येतात, म्हणून आवाज उतरतो. मी रोज दोनदा चहाचं आधण ठेवते, म्हणजे आजवर काही हजार वेळा ठेवलं असेल. हे कधी ऐकलं नव्हतं.

मग किटली निवडायची. इथे काकांनी शब्द नीट केला. पाणी उकळते ती किटली आणि चहा मुरतो ती चहादाणी. आपण दोन्हीला किटलीच म्हणतो, म्हणून दोघींकडून चुकीची कामं करून घेतो. चहादाणी विस्तवावर ठेवायची नसते. जपानी बिडाच्या आतून मुलामा दिलेल्या चहादाण्या हल्ली पुष्कळ घरांत आल्यात, त्या लोक बिनधास्त गॅसवर चढवतात आणि आतला मुलामा तडकवतात, हे सांगताना काकांचा चेहरा खरोखर दुखावला.

त्यांनी आमच्यापुढे ठेवली ती तपकिरी, गोल, पोटुशी बाईसारखी बसलेली इंग्रजी चहादाणी. तिला तिकडे ब्राऊन बेटी म्हणतात. स्टॅफर्डशरची लाल माती, वर गडद तपकिरी चकाकी. दिसायला अगदी गरीब. पण माती ऊब धरते आणि गोल पोटात पानांना फिरायला, फुलायला जागा मिळते. काकांनी ती लिव्हरपूलला एका म्हाताऱ्या बाईकडून घेतली, तिच्या स्वयंपाकघरातून, थेट वापरातून उचलून.

चहादाणीत आधी नुसतं उकळतं पाणी ओतून ती हातात धरून फिरवायची आणि पाणी टाकून द्यायचं. थंड भांड्यात पाणी ओतलं तर पहिल्याच क्षणी त्याची आच जाते आणि पान नीट उमलत नाही. मग कपामागे एक चमचा पत्ती. पत्ती आसामची, पण आपल्या ओळखीची दाणेदार नव्हे. लांब, पीळ दिलेली काळी पानं, मधेमधे सोनेरी टोकं. आपली रोजची दाणेदार पत्ती म्हणजे सीटीसी, पान चिरडून, फाडून, गोळी केलेलं. त्याचं यंत्र १९३० साली आसामातल्या आमगुरी मळ्यात विल्यम मॅकर्चरने आणलं. ती पत्ती उकळायला आणि दुधाला उत्तम, आणि काका स्वतः सकाळी तोच चहा पितात, आलं ठेचून. पण ती चहादाणीत मुरत ठेवली तर रंग झटकन उतरतो आणि मागोमाग कडवटपणा. मुरायच्या चहाला अखंड पान लागतं. चहा चाखणाऱ्यांचा आंतरराष्ट्रीय नियमसुद्धा आहे : १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम पत्ती आणि सहा मिनिटं. तो चहा प्यायला नव्हे, एका चहाची दुसऱ्याशी तुलना करायला. आपल्याला चार मिनिटं पुरतात.

ती चार मिनिटं मला फार मोठी वाटली. वाळूचं घड्याळ उलटं करून काकांनी आम्हाला एकेकाला चहादाणीच्या पोटावर तळवा ठेवायला सांगितला. आत काहीतरी चाललंय आणि आपण काही करायचं नाही. ढवळायचं नाही, झाकण उघडून बघायचं नाही. आमच्याकडे चहा म्हणजे उभ्याने करायची गोष्ट. ऊतू जाईल म्हणून नजर पातेल्यावर, हातात सांडशी. इथे सांडशी धरायची सवय असलेला माझा उजवा हात मांडीवर नुसता पडून होता.

ओतायची पाळी आली तेव्हा काकांनी सगळ्यांचे हात पाहिले. एका हाताने दांडा, दुसऱ्या हाताचं बोट झाकणावर. झाकणाला बारीक भोक असतं, ते बोटाने बंद केलं तर धार थांबते. त्यांनी करून दाखवलं. भोक दाबलं की धार बारीक होत तुटली, सोडलं की पुन्हा सुरू. आत हवा गेल्याशिवाय बाहेर पाणी येत नाही. लहान मुलासारखं मी ते चारदा केलं.

त्या तरुण मुलाने ओतताना धार मधेच अडली. तोटीच्या तोंडाशी आतून पान अडकलं होतं. काकांनी बांबूची बारीक काडी दिली आणि म्हणाले, "झारीतले शुक्राचार्य. वामनाने दर्भ घातला, तुम्ही काडी घाला." जुन्या चहादाण्यांत तोटीच्या मुळाशी आतून जाळी असते, मातीलाच भोकं पाडून केलेली. या बेटीत तीनच भोकं होती आणि तीही मोठी, त्यामुळे असं होतं.

चहा. तो कसा होता हे सांगायला मला शब्द पुरायचे नाहीत, म्हणून एवढंच सांगते की दुसऱ्या घोटाला भाजलेल्या बार्लीसारखा वास आला आणि मागे मधासारखं काहीतरी राहिलं. दूध बाजूला ठेवलं होतं. शिक्षकांनी घातलं, मी घातलं नाही. काकूंनी खारे शंकरपाळे दिले. गोडाने जीभ बंद होते, म्हणून त्या खोलीत गोड नसतं.

चहा झाल्यावर फळ्या. काकांची एक गोष्ट मला मनापासून आवडली : ते वस्तूचं वय वाढवून सांगत नाहीत. चीनमधल्या यीशिंगच्या जांभळट मातीची मुठीएवढी चहादाणी त्यांनी माझ्या हातात दिली आणि आधीच सांगितलं, "ही विकणाऱ्याने दोनशे वर्षांची म्हणून दिली. मी तीस वर्षांची म्हणतो, कारण ती मी घेऊन तीस वर्षं झाली." पण तिच्या कुळाची गोष्ट खरी आहे. पूर्वी चीनमध्ये चहाच्या वड्या करत, दळून, फेटून पीत. मिंग घराण्याच्या पहिल्या बादशहाने १३९१ साली वड्यांचा नजराणा बंद करून सुटं पान पाठवायला फर्मावलं. सुटं पान मुरवायला भांडं हवं, आणि त्यातून चहादाणीचं महत्त्व वाढलं. यीशिंगची माती आतून-बाहेरून कोरी असते, चकाकी दिलेली नसते. ती चहा पिते. म्हणून एका चहादाणीला एकच चहा आणि साबण कधीच नाही. मी झाकण काढून वास घेतला. रिकाम्या, कोरड्या भांड्याला चहाचा वास होता, आपल्या लोणच्याच्या बरणीला मुरलेल्या लोणच्याचा असतो तसा.

हीच लाल चहादाणी डच जहाजांतून युरोपात गेली आणि तिकडचे कारागीर तिची नक्कल करायला झटले. जर्मनीत बॉटगर नावाच्या तरुणाने सोनं करून देतो म्हणून सांगितलं होतं, तर सॅक्सनीच्या राज्यकर्त्याने त्याला कोंडूनच ठेवलं. सोनं काही झालं नाही, पण त्या कोंडवाड्यात त्याने आधी लाल दगडी माती आणि मग पांढरी पोर्सेलीन साधली, आणि १७१० साली माइसेनचा कारखाना निघाला. काकांकडे माइसेनचं काही नाही. "मला परवडलं नाही," असं ते सरळ म्हणाले.

मग काश्मिरी समोवार. तांब्याचा, मधे निखाऱ्यांची नळी, बाजूने चहा, आतून कल्हई. ती कल्हई उडाली तर चहा तांब्याला लागतो, म्हणून काकांनी ठाण्यात कल्हईवाला शोधायला दोन महिने घातले. त्याच्या शेजारी एका पारशी घरातून आलेली चांदीची चहादाणी, तिच्या दांड्यात दोन ठिकाणी पांढऱ्या हाडाच्या चकत्या. चांदी सगळी आच हातापर्यंत आणते, त्या दोन चकत्या तिला वाटेत अडवतात.

आणि सगळ्यात शेवटी खालच्या फळीवरची, चोर बाजारातून आणलेली, मुलामा झिजलेली एक जड चहादाणी. पोटावर कोरलेली चार अक्षरं : जी.आय.पी.आर. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघून ३४ किलोमीटरवर ठाण्याला जी पहिली गाडी आली, ती याच कंपनीची. १९५१ साली ती मध्य रेल्वे झाली. कुठल्या स्टेशनच्या उपाहारगृहात ही होती, कोणाकोणाला हिने चहा दिला, काही ठाऊक नाही. तळाला आपटून पोचे आले आहेत आणि दांडा नेमका अंगठा टेकतो तिथे झिजून सपाट झालाय. मी माझा अंगठा तिथे टेकवला. बरोबर बसला.

यानंतर जे झालं त्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं. काकांनी परातीवर सहा वेगवेगळ्या चहादाण्या मांडल्या, त्यांत साधं पाणी भरलं आणि आम्हाला एकेक ओतायला सांगितली. पाचांतून धार सुटून कपात पडली. एकीतून मात्र अर्धं पाणी कपात आणि अर्धं तोटीच्या खालून, गळ्यावरून, पोटावरून ओघळत परातीत. मी घाबरून आणखी हळू ओतलं, तर आणखी ओघळलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "माझ्या हाताला वळणच नाही."

ते वाक्य माझं नाही, आईचं आहे. आणि आईचंही नाही, माझ्या आजीचं आहे, बाबांच्या आईचं. १९७६ साल, मी पोटात होते. खारकर आळीतल्या दोन खोल्यांत बाबांच्या ऑफिसातले साहेब आणि त्यांच्या पत्नी आल्या होत्या. आईने टेबलावर स्वतः भरलेला पांढरा टेबलक्लॉथ घातला, पहिल्यांदाच मामांचा सेट काढला, किटली काठोकाठ भरली आणि सगळ्यांसमोर, अगदी जपून, हळूहळू कपात चहा ओतायला घेतला. चहा तोटीखालून ओघळला आणि भरतकामावर पसरला. पाहुण्या बाई चांगल्या होत्या, म्हणाल्या, होतं असं. पण रात्री आजी म्हणाली, "हिच्या हाताला वळण नाही." संपलं. सेट कपाटात गेला.

आणि आई तेव्हापासून कोणासमोर काही ओतत नाही. हे मी आयुष्यभर पाहत आले आणि माझ्या लक्षात आलं नाही. पाहुण्यांचा चहा ती आत गाळून, कप भरून ट्रेमधून आणते. कोजागरीला गच्चीवर मसाला दूध वाटताना सगळ्या बायका पातेल्यातून पेल्यात ओततात, आई डावाने घालते. तिच्या हातची पुरणपोळी कागदासारखी पातळ असते, तिचा टाका मशीनला हार जात नाही. आणि ती पन्नासेक वर्षं सांगत आली की तिच्या हाताला वळण नाही.

मी हे सगळं त्या खोलीत अनोळखी माणसांसमोर बोलून गेले. काका थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पुढच्या रविवारी ती चहादाणी घेऊन या, ताई. आईंना काही सांगू नका अजून."

आठवडाभर मला चैन नव्हतं. रविवारी आई दुपारची पडली तेव्हा मी किटली काढली, आईच्याच जुन्या नऊवारीत गुंडाळली, मांडीवर घेतली आणि रिक्षावाल्याला प्रत्येक गतिरोधकाला हळू घ्यायला सांगत नौपाड्याला गेले.

काकांनी आधी ती खिडकीपाशी नेऊन उजेडात फिरवली. तोटीचं टोक आणि झाकणाचा काठ एका पातळीत आहेत का ते बघितलं. टोक खाली असतं तर भरतानाच चहा बाहेर आला असता. ते बरोबर होतं. झाकणाला भोक होतं, आतली जाळी चांगली होती. मग त्यांनी माझं बोट धरून तोटीच्या ओठावरून फिरवलं. "काय लागतं?" गोल लागत होतं. जाड, गुबगुबीत. भट्टीत चकाकी वितळून ओठाशी साचली होती आणि ओठाची धार बुजली होती. त्यांनी ब्राऊन बेटीच्या ओठावरून बोट फिरवायला सांगितलं. पातळ, जवळजवळ टोचणारा.

"आता काठोकाठ भरा आणि आईंनी ओतलं तसं ओता." मी भरली आणि जपून, हळू तिरकी केली. पाण्याने ओठावरून उडी घेतलीच नाही. ते ओठाला चिकटून खाली वळलं, तोटीच्या गळ्यावरून फुलांवर आणि फुलांवरून तळाशी. १९७६ साली जे झालं असेल ते मी परातीत होताना पाहिलं.

काकांनी समजावलं ते असं. पाण्याला ओल्या कडेला चिकटून राहायचं असतं. धारेला वेग असेल तर ती कडेपासून सुटते, वेग कमी असेल तर कडेभोवती वळते. कड पातळ असेल तर तिला वळायला जागा नसते. गोल असेल तर ती सहज वळते. आपल्याकडे तेलाचं तोटीचं भांडं, म्हणजे कावळा, खालून कायम तेलकट का असतं, पातेल्यातून दूध ओतताना ते बाहेरून का ओघळतं, सगळं हेच. शास्त्रज्ञांनी यावर डोकं लावलंय. मार्कस रायनरने १९५६ साली त्यावर लिहिलं आणि याचं नावच चहादाणीवरून टीपॉट इफेक्ट पडलं. व्हिएन्नाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये त्याचं सविस्तर गणित मांडलं.

"आणि काठोकाठ भरलेली चहादाणी पहिल्या कपाला हळूच ओतावी लागते," काका म्हणाले, "जास्त तिरकी केली तर झाकणातून येईल म्हणून. म्हणजे जाड ओठ, काठोकाठ भरलेली, आणि जपून ओतणारी बाई. ताई, आईंनी जितकं जपलं तितकं ते सांडलं. निष्काळजी बाईच्या हातून सांडलं नसतं."

मला रडू आलं. काकूंनी पाण्याचा पेला दिला.

मी विचारलं, ओठ घासून पातळ करता येईल का. काकांनी चक्क नाही म्हटलं. चकाकीचा कपचा उडाला तर खालची माती उघडी पडेल आणि चहा पिऊन काळी होईल, शिवाय तडा जायची भीती. पन्नास वर्षं जपलेल्या वस्तूला कानस लावायची नाही. त्याऐवजी त्यांनी काकूंना हाक मारली, "जरा बोटभर तूप आण."

तूप. तोटीच्या ओठाच्या खालच्या बाजूला, बोटाच्या टोकाने, दिसेल न दिसेल इतकं. तुपाला पाणी चिकटत नाही. चहादाणी दोन तृतीयांश भरायची. ओतताना कचरायचं नाही, एका दमात धार सोडायची, आणि कप भरला की तोटी झटकन वर उचलायची, रेंगाळायचं नाही. मी ओतलं. धार कमानीसारखी सुटली आणि पेल्यात पडली. मी तोटीखाली बोट फिरवलं. कोरडं. पुन्हा ओतलं, कोरडं. आठ-दहा वेळा केलं. एकदा हात कचरला आणि एक थेंब आला, तेव्हा काका म्हणाले, "बघा, तो थेंब तुमच्या भीतीचा." तुपाचा हात दर वेळी नव्याने द्यायचा, गरम चहाने ते हळूहळू जातं.

मी घरी पोचले तेव्हा आई उठून बसली होती आणि कपाटातली रिकामी जागा तिने पाहिली होती. आईचं वय आता ७३. काही बोलली नाही, फक्त माझ्या हातातल्या नऊवारीकडे बघत राहिली. मला काही रचून सांगता आलं नाही. मी तिला स्वयंपाकघरात नेलं, ओट्याजवळ स्टुलावर बसवलं आणि तिचं बोट धरून तोटीच्या ओठावरून फिरवलं, काकांनी माझं फिरवलं होतं तसं. मग आमच्या स्टीलच्या गडूच्या काठावरून.

"हा जाड आहे," आई म्हणाली.

"तेच. ओघळतो तो त्याच्यामुळे. कोणीही ओतलं तरी ओघळतो. मी ओतलं, ओघळला. जहाजावरच्या काकांनी ओतलं असतं, ओघळला असता."

ती बराच वेळ ओठावरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "सासूबाईंनी ओतलं असतं तरी?"

"आजीने ओतलं असतं तरी."

मी तुपाचं सांगितलं. आईने स्वतः उठून तुपाची वाटी काढली, करंगळीने हात दिला आणि नळाखाली किटली धरली. तिचा हात आता खरोखर थोडा थरथरतो, म्हणून मी तिला अर्धीच भरू दिली. पहिल्यांदा तिने सवयीने हळू ओतलं आणि थोडं ओघळलं. ती माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "आई, जपू नकोस. ओत." तिने दुसऱ्यांदा हात उचलला आणि धार सोडली. भांड्यात पाणी पडल्याचा तो आवाज, वरून, सलग. आईने तोटीखाली बोट फिरवलं, मग तेच बोट पदराला पुसलं, पुसायला काही नव्हतं तरी.

तिने तिसऱ्यांदा ओतलं. चौथ्यांदा. मग मला म्हणाली, "ती लांब पानांची पत्ती आणलीयस ना त्यांच्याकडून? आधण ठेव." आणि मी गॅस पेटवेपर्यंत ती बाहेरच्या खोलीत जाऊन कपाटातून कपबश्या एकेक काढायला लागली होती.

"समोरच्या काकूंना हाक मार," तिने तिकडूनच सांगितलं. "त्यांच्या सुनेलाही बोलाव. कप पाच आहेत."